पेंग्विन आणि जवारीचं कणीस

दिलसुखनगरच्या आमच्या घरात मला दुपारची झोप लागायची ती आईच्या मशीनच्या आवाजावर. कंप्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन होतं ते. लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे, हॉलच्या खिडकीपाशी, आईनं ते मांडलं होतं. सुरू झालं की फ्रेममध्ये ताणलेलं कापड आपलं आपण इकडेतिकडे सरकायचं, सुई खालीवर नाचायची आणि पत्र्यावर कुणी मूठमूठ जवारी ओततंय असा आवाज घरभर भरून राहायचा. खाली गल्लीत कोचिंग क्लासची पोरं बिल्डिंग हलवून टाकायची, समोरच्या घरात मिक्सरमध्ये गोंगुऱ्याची चटणी वाटली जायची, अजान व्हायची, भंगारवाला ओरडायचा. यातल्या कशानंही माझी झोप मोडायची नाही. पण धाग्याचा रंग बदलायला मशीन थांबलं की माझे डोळे टक्क उघडे. "या पोरीला शांतता सोसत न्हाई," आई म्हणायची, नवं रीळ लावायची, आणि मी परत कुठल्या कुठे जायची. पुढे नोकरीनं दुपारची झोप हिरावून घेतली ती घेतलीच. पण आजही ऑफिसात जेवणानंतर डोळे जड झाले की मला आधी तो आवाज ऐकू येतो आणि मग जांभई येते.

घरात आम्ही चौघं. बाबा जामबागेतल्या एका जुन्या मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. आमचं मूळ गाव उदगीरकडचं, शेती काका बघायचा, आणि बाबांच्या बोलण्यात निम्मी शाळा तर निम्मं शेत असायचं. माझी ताई वैशाली इंजिनिअरिंगला होती. कंप्युटर घेतला होता तो तिच्यासाठी. मी बारकी. नाव काहीतरी ठेवलेलं होतं, पण सगळे बारकीच म्हणायचे, अजून म्हणतात. आणि आई. लग्नाआधी गावात आईच्या हातच्या रुमालांवरच्या फुलांचं कौतुक व्हायचं. हैदराबादला आल्यावर त्या हाताला बरीच वर्षं फक्त भाकरी, धपाटे आणि येसराची आमटी एवढंच काम उरलं होतं. मग तिनं कुठल्याशा प्रदर्शनात ते मशीन पाहिलं आणि महिनाभर घरात दुसरा विषय काढला नाही. मशीन आलं, आणि ताईचा कंप्युटर बघता बघता आईचा झाला. ताई कॉलेजातून यायची तेव्हा आई स्क्रीनला नाक लावून बसलेली. "आई, माझं प्रोजेक्ट आहे गं." "हौ, हौ. एवढी पाकळी होऊ दे." ती पाकळी रात्रीच्या भाकरीपर्यंत चालायची.

त्या कंप्युटरमध्ये भरतकामाचा एक प्रोग्राम होता. त्यात चित्र काढायचं, कुठला टाका कुठे, किती दाट, कुठल्या दिशेनं ते ठरवायचं, आणि मग मशीनला कळेल अशा भाषेत ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं. आईनं हे सगळं इंग्रजीचा एक शब्द न वाचता शिकून घेतलं. कुठलं चिन्ह कुठे आहे हे तिला देवघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. डोळे मिटून हात घालावा तर कुंकवाच्या जागी कुंकूच यायचं. गल्लीतले सगळे मशीनवाले मोर, कमळ आणि कैऱ्या काढायचे, कारण ती तयार मिळायची. आईनं स्वतःचं काढलं. जवारीचं कणीस. एकेक दाणा वेगळा, पिवळसर पांढरा, दाण्याच्या बुडाशी जरीचा एवढुसा टिपका, आणि खाली वाऱ्यानं एका बाजूला कललेलं पान. ब्लाउजच्या बाहीवर ते कणीस दंडाच्या वळणाबरोबर वाकायचं. बाई हात हलवायची तेव्हा खरंच रानात उभं असल्यासारखं वाटायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रमणम्माचं ब्लाउजचं दुकान होतं. ती तेलुगू बाई, आमच्याशी मात्र दखनीत बोलायची. तिनं पहिल्यांदा ते पाहिलं आणि बाही हातात धरून उभीच राहिली. "अक्का, ये जोन्ना है ना? हमारे गांव का जोन्ना!" जोन्ना म्हणजे तेलुगूत जवारी. त्या दिवसापासून रमणम्माच्या दुकानातलं सगळं भरतकाम आमच्या घरी यायला लागलं, आणि रस्त्यानं जाताना अनोळखी बायांच्या दंडांवर आईची कणसं दिसायला लागली. आई तेव्हा माझा हात नुसता दाबायची.

मग कंप्युटरला व्हायरस लागला. पेन ड्राइव्ह या दुकानातून त्या दुकानात फिरायचे, आणि खोकला पसरावा तसे व्हायरस पसरायचे. एके सकाळी कंप्युटर सुरूच होईना. आईची डिझाइनं पेन ड्राइव्हवर होती म्हणून वाचली. ताईनं कंप्युटर उघडून पाहिला, बंद केला, आणि कपाटातून एक पाकीट आणलं. तिच्या कॉलेजात काही मुलामुलींचा एक गट होता. हे लोक विंडोजच्या जागी लिनक्स वापरायचे, पेंग्विनचं चिन्ह असलेली फुकट सिस्टिम, आणि दुसऱ्यांनीही ती वापरावी म्हणून जीव टाकायचे. त्यांच्या सांगण्यावरून तिनं परदेशातून एक सीडी मागवली होती, आणि ती चक्क पोस्टानं, फुकट, आमच्या पत्त्यावर आली होती. मातकट रंगाचं सुंदर पाकीट होतं ते. "ही आपल्याला त्यांनी दिलीय," ताई म्हणाली. "राजीखुशीनं. कुणालाही द्या, कितीही जणांना द्या, म्हणतात. आत्ता आपल्याकडे जे होतं ते सगळं चोरीचं होतं, बाबा."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "काय होतं?"

ताईनं समजावून सांगितलं. कंप्युटर जोडून देणाऱ्यानं विंडोज घातलं ते चोरून. आईचा प्रोग्राम कोठीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आणलेला, त्या सीडीवर निळ्या शाईनं हातानं 'कढाई', म्हणजे भरतकाम, लिहिलेलं, तोही चोरीचा. ज्यांनी बनवला त्यांना त्यातला छदामही पोचलेला नाही. हे सगळं शहर असंच करतं, पण म्हणून ते खरं होत नाही.

आता इथे बाबांची बांधाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की बाबांनी तोंड उघडताच ताई आणि मी ती मनात पुढे म्हणायला लागायचो. आमच्या आजोबांच्या शेताची एक रीत होती. शेजारच्या शेतातलं कणीस वाऱ्यानं मोडून बांधाच्या अलीकडे पडलं तर ते उचलून परत पलीकडे टाकायचं. जनावरालाही ते खाऊ द्यायचं नाही. एका दुष्काळात, म्हणे, घरात दाणा नसताना आजोबांनी अशी ओंजळभर कणसं पलीकडे टाकली होती. बाबांना या गोष्टीचा इतका अभिमान होता की शाळेतल्या मुलांनी दुसऱ्याचं खोडरबर घेतलं तरी ते बांधापासून सुरुवात करायचे. अशा माणसाला त्याच्या हॉलमध्ये, देवघरासमोर, इतके दिवस दुसऱ्याच्या शेतातलं पीक कापलं जातंय हे कळलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला नव्हता, लहान मुलासारखा लाजलेला होता. ते उठले, आईच्या डब्यातून ती 'कढाई'ची सीडी काढली आणि मोडायला लागले. सीडी सहजी मोडत नाही. बाबांनी ती वाकवली, गुडघ्यावर दाबली, चेहरा लाल झाला, आणि एकदम काड् असा आवाज होऊन तुकडे चहूकडे उडाले. एक फ्रिजखाली गेला. एक मी लपवला. त्यात ऊन धरलं की छतावर इंद्रधनुष्य उतरायचं. पुढचे किती दिवस मी दुपारी उताणी पडून ते छतावर इकडून तिकडे फिरवत असे.

आईनं काही विरोध केला नाही. तीही त्याच मातीतली. "चोरीचं नको तर नको," म्हणाली, फक्त ताईला विचारलं, "माझं भरतकामाचं यात असंल न्हवं?" ताई म्हणाली, "सगळ्याला पर्याय असतो आई. तू बघ तर."

आणि खरं सांगते, तो पेंग्विनवाला कंप्युटर घरात आला तेव्हा आमच्या घराला स्वप्न पडल्यासारखं झालं. सुरू झाला की लांब कुठेतरी रानात कुणी डफावर हलके हात मारतंय असा आवाज यायचा, आणि मग सगळा पडदा संध्याकाळच्या उन्हासारखा तांबूस व्हायचा. व्हायरस नाही. अडकणं नाही. काही विकत घ्या म्हणून मागे लागणं नाही. बाबांना ताईनं मराठीत टाइप करायला शिकवलं. ते एकेका बोटानं अक्षर शोधायचे, आणि पडद्यावर स्वच्छ, काना-वेलांटीसकट मराठी उमटली की आमच्याकडे असं बघायचे जणू ती अक्षरं त्यांनीच शोधून काढलीत. माझ्यासाठी एक खेळ होता, बर्फावरून पोटावर घसरत जाणाऱ्या पेंग्विनचा. हैदराबादच्या उकाड्यात मी त्या बर्फात तासन्‌तास राहायची. ताई तर उजळून निघाली होती. कितीतरी देशांतली माणसं एकमेकांना न बघता, पगार न घेता हे बांधतात, असं ती जेवताना सांगायची. तिच्या ताटातलं वरण गार व्हायचं. बाबा मान हलवत म्हणायचे, "सावड आहे ही. आपल्याकडे खुरपणीला करायचे तशी सावड, आज तुझं रान, उद्या माझं." आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की आपण घर बदलून मोठ्या, हवेशीर घरात राहायला आलोत.

फक्त मशीन बंद होतं. आईनं पेन ड्राइव्ह लावला तेव्हा पडद्यावर तिच्या डिझाइनांची नावं आली. कणीस, कणीस मोठं, कणीस बाहीचं, रमणम्माची वेल, सगळी. पण जिथे चित्र दिसायचं तिथे नुसता कोरा कागद होता. आई एकेका कागदावर टिचकी मारायची, आणि पेंग्विन नम्रपणे कळवायचा की हे काय आहे ते मला ठाऊक नाही. ताईनं शोध शोध शोधलं. लिहायचं होतं, चित्रं काढायचं होतं, गाण्यांचं, गणिताचं, आकाशातले तारे बघायचं सुद्धा होतं. भरतकामाचं नव्हतं. विंडोजचे प्रोग्राम पेंग्विनवर चालवून बघायची एक युक्ती होती, पण तिच्यासाठीही आधी प्रोग्राम हवा, आणि तो तर बाबांनी मोडला होता. कंपनीनं थोडे दिवस वापरून बघायला फुकट दिलेली नक्कल मिळवून ताईनं करून पाहिलं. प्रोग्राम उघडला, अर्धी खिडकी दिसली आणि गपकन मिटली. जगातल्या ज्या माणसांनी एवढा मोठा वाडा सावडीनं बांधला त्यांच्यात भरतकाम करणारी बाई कुणी नव्हती, आणि भरतकामाच्या कंपन्यांना या वाड्याचा पत्ता नव्हता. "होईल आई. थोडं थांब," ताई म्हणायची. आई थांबायची. मशीनवर तिनं जुनी साडी पांघरून ठेवली. मला दुपारी झोप येईनाशी झाली.

पुढे नोकरीत मी अशा पुष्कळ बैठकांना बसले जिथे शहाणी माणसं विचारायची, एवढी चांगली, एवढी फुकट, एवढी मोकळी गोष्ट घराघरांत का जात नाही. लोक आळशी आहेत, कुणी म्हणायचं. लोकांना सवय सोडवत नाही, कुणी म्हणायचं. मला साडी पांघरलेलं मशीन दिसायचं. घर बदलायला कुणाची ना नसते हो. पण त्या घरात आपली चूल मांडायला जागा पाहिजे.

दिवाळी गेली. रमणम्माच्या मुलीचं लग्न संक्रांतीनंतर ठरलं होतं, आणि सगळ्या ब्लाउजांवर जोन्नाच पाहिजे असं तिनं आईला केव्हाचं सांगून ठेवलं होतं. आईनं हातानं करायला घेतलं. चाळीस उलटल्यावर डोळ्यांना तसं काम झेपत नाही. ती अंगणाएवढ्या गॅलरीत उन्हाच्या मागे मागे स्टूल सरकवत बसायची. एक बाही भरली तोवर अर्धा महिना सरला. बाबा शाळेतून येऊन तिच्याकडे बघायचे आणि आत जायचे. त्यांची बांधाची गोष्टही बरेच दिवस ऐकू आली नव्हती.

वेळा अमावस्या आली. उदगीर-लातूरकडे या दिवशी सगळा गाव रानात जेवायला जातो. आम्हाला रान नव्हतं, गच्ची होती. काका दरवर्षी एसटीनं कडब्याची पेंढी पाठवायचा, बाबा गच्चीच्या कोपऱ्यात तिची एवढीशी कोप, म्हणजे खोपटं, उभी करायचे, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव, मांडायचे, आणि कुंड्यांमधल्या कढीपत्त्याला नि तुळशीला आंबील शिंपडायचे. आई भज्जी करायची. हिरवे वाटाणे, तूर, हरभरा, मेथी, चिंच, सगळं बेसनात शिजवलेली ती भज्जी. सोबत उंडे, खीर, आणि मडक्यात थंडगार आंबील. सगळी बिल्डिंग जेवायला यायची. त्या दिवशी ऊन कोवळं होतं, कडब्याचा वास सुटला होता, खालचा रस्त्याचा गोंगाट कुठल्या तरी दुसऱ्या गावाचा वाटत होता. मी कोपीत डोकं घालून पडले होते. रमणम्मा आली, आंबील प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि आईजवळ सरकून बसली.

"अक्का, शादी पास आ गई. जोन्ना हुआ क्या?"

"एक बाही झाली," आई म्हणाली. "हात से करतूं ना. हल्लू हल्लू हो रा."

रमणम्मानं आंबिलाचं भांडं खाली ठेवलं. बाई वाईट नव्हती. मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बुरा नक्को मानो अक्का. मलकपेट में एक मशीनवाला है. उनो जल्दी कर देतूं बोला. डिझाइन तुम्हाराच रहेगा. तुम बस वो पेन ड्राइव्ह दे देव."

आई उठली. खाली गेली. आम्हाला वाटलं भज्जी आणायला गेली. ती आली तेव्हा तिच्या मुठीत पेन ड्राइव्ह होता. ताईच्या ते आधी ध्यानात आलं. ती ताट ठेवून आईच्या आडवी आली. "आई, देऊ नको. थोडे दिवस दे मला. मी शोधायलीय ना? तिथं सगळं होतंय हळूहळू. खरंच लई चांगली सिस्टिम आहे ती."

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. आवाज जराही चढवला नाही. "हाय की. कोण न्हाई म्हणायलंय? तुझी गाडी लई छान हाय, वैशे. नवी हाय, तिकीट न्हाई, माणसं भली हायेत. पर ती माझ्या गावाला जात न्हाई. मी कवर फाट्यावर उभी ऱ्हाऊ?"

ताईचे डोळे भरून आले. मी कोपीतून डोकं बाहेर काढलं. बाबा हातात आंबिलाचं मडकं घेऊन तसेच उभे होते, आणि मडकं कलून आंबील त्यांच्या चपलेवर सांडत होती. मग ते मडकं खाली ठेवून पुढे आले आणि रमणम्माला म्हणाले, "रमणम्मा, पेन ड्राइव्ह नक्को लेव. थोडा रुको. मैं देखतूं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी शाळेतून लवकर येऊन मला हाक मारली. "बारके, चल. बेगम बाजारला जायचंय. आईला जरीची रिळं आणायची." इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. बेगम बाजारात हळदीच्या नि मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही रिळं घेतली, नको तितकी घेतली. मग घरची बस सोडून बाबा कोठीच्या दिशेनं चालायला लागले. तेव्हा मला कळलं. फुटपाथवर निळी ताडपत्री, तिच्यावर सीड्यांच्या राशी, आणि पलीकडे पान चघळत बसलेला माणूस. बाबा त्याच्यासमोरून एकदा पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले. इतक्यात कुणीतरी "नमस्कार सर!" म्हणालं. एका विद्यार्थ्याचे वडील. बाबांनी शेजारच्या गाड्यावरची मोजेजोडी उचलली, ती फार लक्ष देऊन बघायला लागले आणि शेवटी पैसे देऊन घेतलीही. ते गृहस्थ गेल्यावर बाबा ताडपत्रीसमोर वाकले आणि इतक्या हळू बोलले की मलाही नीट ऐकू येईना.

"वो... कढाई का होना. कंप्युटर का. और उसके साथ विंडोज भी."

त्या माणसानं वर पाहिलं. "असली होना साब, या काम का होना?"

बाबा उभे राहिले. मला वाटलं आता आम्ही परत जाणार. कोठीची सगळी गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. दुष्काळातले आजोबा त्यांच्या डोळ्यांसमोर नक्की आले असणार. मग त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "काम का."

घरी येऊन त्यांनी सीड्या ताईपुढे ठेवल्या. "बाबा, तुम्ही?" ताई म्हणाली.

"बांध मी सांभाळला," बाबा म्हणाले, "पण शेत कुणाचं होतं? तिला कुणी विचारलं? मी तिचं उभं पीक आडवं केलं, वैशू, आणि वर गोष्टी सांगत बसलो." आणि आईकडे न बघता, "जमंल तेव्हा खरा प्रोग्राम विकत घेऊ. तोवर हे पाप माझ्या नावावर." आई म्हणाली, "मोज्ये कामून आणलाव?" बाबांच्या खिशातून मोज्यांची जोडी लोंबत होती.

ताईनं पेंग्विन काढला नाही. तिनं कंप्युटरमध्ये दोघांना जागा दिली. सुरू करताना तो विचारायचा, कुठे जायचं? बाबा आणि ताई तांबड्या संध्याकाळकडे जायचे, आई बाण खाली दाबून आपल्या गावी. कोरे कागद पुन्हा कणसं झाले. पहिल्या दिवशी आईनं मशीनवरची साडी काढली, घडी केली, मशीनला हळदकुंकू लावलं, आणि तड्तड् आवाज सुरू झाला. रमणम्माची मुलगी लग्नात दोन्ही हातांनी अक्षता झेलत होती तेव्हा दंडांवर जोन्ना डुलत होता. मी मात्र त्यातलं फारसं काही पाहिलं नाही, कारण आदल्या किती दुपारींची झोप बाकी होती, आणि मी मंडपातच एका खुर्चीवर झोपून गेले होते.

आईनं बाबांचा शब्द स्वतःच पुरा केला. पुढे काही वर्षांनी तिनं आपल्या कमाईतून खरा प्रोग्राम घेतला. खोका आला तो बाबांनी देवघरात ठेवला, आणि जाईपर्यंत दर दसऱ्याला त्याची पूजा केली. बाबा जाऊनही आता बराच काळ लोटला. ताई बंगळुरूला असते, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात काहीतरी करत बसते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी हे सगळं लिहितेय ते पेंग्विनवरच. माझ्या गावाला ती गाडी पहिल्यापासून जायची. मला काय, लिहायलाच तर लागतं.

यंदा वेळा अमावस्येला ताई आली. जेवणं झाल्यावर तिनं आपला लॅपटॉप आईच्या मशीनपाशी नेला. आई आता मशीनवर फारशी बसत नाही. हात कापतो, आणि मोतीबिंदू काढल्यावरही एका डोळ्याला धूसरच दिसतं. ताईनं विचारलं, "तो जुना पेन ड्राइव्ह आहे का गं?" आईनं तो देवघरातल्या डब्यातून काढून दिला. ताईनं लावला. तांबूस पडदा, पेंग्विनवाला. नावं आली, कणीस, कणीस मोठं, कणीस बाहीचं, आणि प्रत्येक नावाच्या वर कणीस. एकेक दाणा, जरीचा टिपका, वाऱ्यानं कललेलं पान. "आम्ही बनवलाय हा," ताई म्हणाली. "भरतकामाचा. लई जण आहेत, कुठले कुठले. कुणाचीच भेट नाही. तुझं मशीनही ओळखतो. फुकट आहे, आई. चोरीचा नाही." तिचा आवाज कॉलेजात असतानाच्या आवाजासारखा झाला होता.

आईनं नाक स्क्रीनला लावलं. खूप वेळ बघत राहिली. मग मागे सरून बसली आणि ताईच्या गालावरून तसाच हात फिरवला.

"आली म्हणायची गाडी," ती म्हणाली. "पर गाव म्हातारं झालं की गं, वैशे."

ताई खाली मान घालून बसली. गच्चीवरून कडब्याचा वास येत होता. आईनं मशीनवरचं कापड ओढून काढलं, जरीचं रीळ शोधलं, आणि धाग्याचं टोक ताईपुढे धरलं. "बगत कामून बसलीस? मला दिसत न्हाई. सुई ओवून दे." ताईनं डोळे पुसले आणि सुई ओवली. मशीन सुरू झालं. मी दिवाणावर आडवी झाले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, दुपारची झोपले.